हाडे घडवणाऱ्या पेशी आणि हातपंपाचे पाणी

१९८३ साली ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. फार्ली, वेर्गेडाल आणि बेलिंक या तिघा संशोधकांनी कोंबडीच्या भ्रूणातील अस्थिपेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांना फ्लोराइडच्या संपर्कात ठेवले. त्या पेशींची संख्या वाढली आणि त्या अधिक जोमाने कामाला लागल्या. फ्लोराइड हाडे घडवणाऱ्या पेशींना थेट चेतवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांसाठी औषध शोधणाऱ्या वैद्यकविश्वाला हा निष्कर्ष आशादायक वाटला, आणि त्यात नवल नव्हते. त्याच दशकात आपल्याकडे खेडोपाडी कूपनलिका खणल्या जात होत्या, हातपंप बसवले जात होते. पाणी कोणत्या खडकातून येते आहे आणि सोबत काय घेऊन येते आहे, हे विचारण्याची रीत तेव्हा फारशी नव्हती.

या दोन घटनांचा एकमेकींशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर जबलपूरला जावे लागते. शहराच्या गढा भागात, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एक संस्था आहे. १९८४ मध्ये ती ‘आदिवासींसाठीचे प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र’ म्हणून सुरू झाली. आज तिला राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणतात. मलेरिया, क्षयरोग, सिकलसेल हे तिचे नेहमीचे विषय. दिल्लीच्या चर्चाविश्वात या संस्थेचे नाव क्वचितच ऐकू येते. पण शेजारच्या मंडला जिल्ह्यात तिच्या संशोधकांनी केलेले एक काम देशाच्या पाणीधोरणाच्या प्रत्येक बैठकीत टेबलावर असायला हवे, असे माझे मत आहे.

मंडला हा गोंड आणि बैगा समाजांचा, नर्मदेच्या वळणांचा जिल्हा. तेथील तिलईपानी आणि हिरापूर या दोन गावांत मुलांचे पाय वाकडे होत असल्याचे आढळले. गुडघे एकमेकांना घासतात आणि पावले दूर राहतात, अशी ती ठेवण. वैद्यकात तिला ‘जेनू व्हॅल्गम’ म्हणतात. डॉ. तापस चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गावांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००० साली ‘फ्लोराइड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे सुमारे नऊ ते अकरा मिलिग्रॅम भरले. भारतीय मानकानुसार ते एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. वीस वर्षांखालील जवळपास निम्म्या मुलामुलींच्या पायांत ही विकृती होती. त्यांच्या आहारात कॅल्शियमची मोठी तूट होती, हेही त्याच पाहणीत दिसले.

ही बाब नीट समजून घ्यायची तर हाडाकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलावी लागेल. हाड म्हणजे घराचा सांगाडा, एकदा उभा केला की तसाच राहणारा, अशी आपली समजूत असते. भाषेनेही ती पक्की केली आहे. चिवट माणसाला आपण हाडाचा पक्का म्हणतो. प्रत्यक्षात हाड ही सतत पाडली आणि बांधली जाणारी इमारत आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो. पाडकाम करणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधकाम करणाऱ्या वेगळ्या. पाडणाऱ्या पेशी रक्ताच्या कुळातल्या असतात. बांधणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. आपण त्यांना अस्थिजनक पेशी म्हणू. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल गेगेनबाऊर यांनी १८६४ मध्ये त्यांना हे नाव दिले.

त्यानंतरची शंभराहून अधिक वर्षे या पेशी म्हणजे एकसारख्या गवंड्यांची टोळी आहे, असेच मानले गेले. त्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी विणतात, तीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसवतात आणि काम संपले की त्यांतल्या बहुतेक मरून जातात. हे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. १९९७ मध्ये ‘रन्क्स-टू’ या जनुकाची ओळख पटली. ते बंद केलेल्या उंदरांच्या पिल्लांत कूर्चेचा सांगाडा तयार झाला, पण त्यात हाड असे बनलेच नाही. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशींना मज्जेत आसरा देण्याच्या कामातही अस्थिजनक पेशींचा वाटा असतो. पुढे एकेका पेशीतील जनुकांची हालचाल स्वतंत्रपणे वाचण्याचे तंत्र आले, आणि ‘अस्थिजनक पेशी’ या एका नावाखाली किती तऱ्हा नांदतात हे दिसू लागले. कवटीच्या पुढच्या भागातल्या पेशींचे गर्भावस्थेतले मूळ एक आणि मांडीच्या हाडातल्या पेशींचे दुसरे. मणक्यांतल्या जाळीदार हाडावर काम करणाऱ्या पेशी आणि लांब हाडाच्या घट्ट भिंतीवर बाहेरून थर चढवणाऱ्या पेशी यांचे स्वभाव वेगळे. काही पेशी बांधकाम उरकून हाडाच्या पृष्ठभागावर चपट्या होऊन निजतात आणि गरज पडली की पुन्हा जाग्या होतात.

काही पेशी तर आपणच घडवलेल्या भिंतीत स्वतःला चिणून घेतात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातील एकूण पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच असतात. लांब बारीक तंतूंनी त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. कुठे भार वाढला, कुठे भेग पडली, याची वार्ता त्या देतात आणि बांधकाम कुठे चालू ठेवायचे, कुठे थांबवायचे हे ठरवतात. त्यांच्याकडून स्रवणारे स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन बांधकामाला लगाम घालते. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर समाजाच्या काही कुटुंबांत हाडे बेसुमार जाड होण्याचा आनुवंशिक आजार होता. त्याचा माग काढता काढता २००१ मध्ये हे प्रथिन सापडले. त्या लगामालाच अटकाव करणारे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. एका दूरच्या, छोट्या समाजाच्या दुर्मीळ दुखण्याकडे कोणीतरी लक्षपूर्वक पाहिले आणि त्यातून साऱ्या जगाला औषध मिळाले. मंडल्याच्या संदर्भात हे विसरता येत नाही.

जबलपूरचा हाडांशी संबंध तसा जुना आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन साहेबाला १८२८ मध्ये येथील बारा सिमला टेकडीच्या परिसरात काही प्रचंड हाडे मिळाली. भारतात सापडलेले डायनोसॉरचे ते पहिले अवशेष. त्यांवरून १८७७ मध्ये लिडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे ती हाडे संग्रहात कुठेतरी हरवली. त्यांतला एक मणका २०१२ मध्ये कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा गवसला. अशा जीवाश्म हाडांची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर भिंतीत चिणलेल्या त्या पेशींची रिकामी घरे साडेसहा कोटी वर्षांनंतरही ओळखू येतात. मौल्यवान वस्तू मिळवायची, तिला नाव द्यायचे आणि मग ती कपाटात हरवायची, ही आपल्या संस्थांची सवय मात्र केवळ दगडी हाडांपुरती मर्यादित नाही.

आता फ्लोराइडकडे वळू. १९८३ च्या निबंधानंतर अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या २०२ स्त्रिया तीत होत्या. निम्म्या स्त्रियांना चार वर्षे रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले गेले, निम्म्यांना नुसती गोळी. कॅल्शियम मात्र दोन्ही गटांना रोज १५०० मिलिग्रॅम. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. पण मणके मोडण्याचे प्रमाण काही लक्षणीय घटले नाही. उलट इतर हाडे मोडण्याच्या ७२ घटना या गटात झाल्या; दुसऱ्या गटात त्या २४ होत्या. मनगटाकडच्या हाताच्या हाडाची घनता तर चार टक्क्यांनी कमीच झाली. हाड दाट झाले होते, पण भक्कम झाले नव्हते. फ्लोराइड स्फटिकांत शिरते आणि त्यांची ठेवण बदलते. घाईने विणलेली जाळी पुरती भरत नाही, अर्धीकच्ची राहते.

या आकड्यांत अस्थिजनक पेशींच्या विविधतेचा धडा लपलेला आहे. रसायन एकच, मात्रा एकच, शरीरही एकच. तरी मणक्यात भर पडते आणि हाताच्या हाडात घट होते. भारतीय डॉक्टरांना ही विसंगती त्याआधीच दिसली होती. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते की फ्लोराइडग्रस्त भागातील वाकड्या पायांच्या रुग्णांत पाठीचा कणा दगडासारखा दाट होतो आणि त्याच वेळी हातापायांची हाडे विरळ होतात. फ्लोरोसिसची ओळख तर आपल्याकडे त्याहूनही जुनी. नेल्लोर जिल्ह्यातील रुग्णांविषयीचे पहिले शास्त्रीय लेखन १९३७ मधले आहे. म्हणजे मंडल्यात पहिला हातपंप बसण्याच्या कितीतरी आधी फ्लोराइडयुक्त पाणी माणसाच्या हाडांचे काय करते हे या देशाला ठाऊक होते.

आता थोडा हिशेब मांडून पाहू. मेयोच्या स्त्रियांना मिळणाऱ्या ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये प्रत्यक्ष फ्लोराइड सुमारे ३४ मिलिग्रॅम असते. लिटरमागे दहा मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दिवसाला साडेतीन लिटर प्याले की तेवढीच मात्रा पोटात जाते. वैशाखात शेतात राबणारा माणूस त्याहून जास्त पाणी पितो. वीस किलो वजनाचे मूल दिवसाला सव्वा लिटर पाणी पीत असेल, तर वजनाच्या मानाने त्याला त्या अमेरिकी स्त्रियांहून अधिक फ्लोराइड मिळते. शिवाय वाढत्या वयात शरीर फ्लोराइडचा मोठा हिस्सा हाडांत धरून ठेवते. मेयोच्या चाचणीत संमतिपत्र होते, क्ष-किरण तपासण्या होत्या, कॅल्शियमचा पुरवठा होता आणि चार वर्षांनी थांबण्याची मर्यादा होती. तिलईपानीच्या मुलांच्या वाट्याला यातले काहीच नव्हते. याला प्रयोग म्हणता येणार नाही, कारण प्रयोगात निदान नोंद तरी ठेवली जाते.

कॅल्शियमचा प्रश्न येथे कळीचा आहे. आहारात कॅल्शियम पुरेसे असेल तर फ्लोराइडचा काही भाग आतड्यातच अडतो आणि बाहेर पडतो. ते नसेल तर फ्लोराइड बिनबोभाट आत शिरते, आणि चेतवलेल्या अस्थिजनक पेशींना बांधकामासाठी मालही मिळत नाही. रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर मग आपल्याच हाडांतून उचल करू लागते. वाढीच्या वयात गुडघ्याजवळच्या मऊ, अर्ध्या घडलेल्या हाडावर शरीराचा भार पडतो आणि ते वाकते. म्हणूनच सारखे पाणी पिणाऱ्या दोन गावांत किंवा दोन घरांत विकृतीचे प्रमाण वेगळे दिसू शकते. पाण्याइतकाच ताटाचाही यात हात आहे.

जबलपूरच्या संशोधकांनी हे ओळखले, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. पाण्याचा स्रोत बदला, हा सल्ला त्यांनी दिलाच. त्याबरोबर क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम देणाऱ्या स्थानिक आहाराचा आग्रह धरला. त्यासाठी त्यांनी कोणती महागडी गोळी सुचवली नाही. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारी चकौड्याची भाजी त्यांनी पुढे केली. ही भाजी मराठी वाचकांना परकी नाही. विदर्भात तिला तरोटा म्हणतात, कोकणात टाकळा. तिच्या पानांत कॅल्शियम भरपूर असते. पाने वाळवून ठेवली तर ती पावसाळ्यानंतरही वापरता येतात. ज्या भाजीला ‘गरिबाचे खाणे’ म्हणून मुले नाक मुरडू लागली होती, तिला वैद्यकीय पथकाने प्रतिष्ठा दिली.

येथे थोडे आडवळण घेतो. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला आणि तो देशभर लागूही झाला. त्याच्या गुणदोषांची चर्चा वेगळी करता येईल. पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास, ही साधी गोष्ट त्या चर्चेत फारशी आली नाही. फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांपुरती तरी रेशनच्या पिशवीत नाचणी घालण्यास कोणते तांत्रिक संकट आड येते, हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

हातपंपाचा इतिहासही न्यायबुद्धीने पाहिला पाहिजे. ज्यांनी तो आणला त्यांचा हेतू वाईट नव्हता. १९६०-७० च्या दशकांतील दुष्काळांत उघड्या विहिरी आटल्या, उरल्या त्यांतून पटकी आणि हगवण पसरत होती. कठीण खडकात खोल कूपनलिका खणणे हा त्यावरचा उपाय होता. त्यासाठी लागणाऱ्या मजबूत पंपाचा जन्म तर महाराष्ट्रातला आहे. जालना आणि सोलापूर येथील मिशनरी कार्यशाळांत तयार झालेल्या पंपांवरूनच पुढे युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क-टू’ हा पंप घडला आणि तो साऱ्या जगात गेला. त्याने लाखो बालकांचे जीव वाचवले असतील. पण जंतू नाहीत म्हणजे पाणी शुद्ध, ही समजूतही त्याच्याबरोबर पसरली. पाणी जितके खोल, तितका त्याचा खडकाशी सहवास दीर्घ; आणि त्या पाण्यात कॅल्शियम कमी, क्षारपणा जास्त असेल तर फ्लोराइड विरघळण्यास मोकळे रान मिळते. बांगलादेशात कूपनलिकांनी आर्सेनिक वर आणले, त्याच चुकीची ही दुसरी आवृत्ती.

महाराष्ट्राने हे शेजारच्या राज्याचे दुखणे मानू नये. यवतमाळच्या दक्षिणेकडील तालुक्यांत, नांदेडच्या किनवट भागात, चंद्रपूरमध्ये भूजलातील फ्लोराइड हा अनेक वर्षांचा प्रश्न आहे. त्यावरचा देशातला सर्वांत परिचित उपायही नागपूरच्या ‘नीरी’ने १९७० च्या दशकात तयार केला. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाणी ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी घ्यायचे, ही ती ‘नलगोंडा पद्धत’. स्वस्त आणि समजायला सोपी. तरी ती गावोगावी टिकली नाही. तुरटीचे प्रमाण पाण्याच्या गुणधर्मानुसार ठरवावे लागते, ते रोज घालावे लागते, साचलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. हे काम करणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर योजनेत नव्हते. अ‍ॅल्युमिनाच्या गाळण्यांचेही तेच. काही महिन्यांनी त्यांतील भुकटी पुन्हा कार्यक्षम करावी लागते. ते झाले नाही तर गाळणी केवळ भांड्याच्या कामाची उरते. आपल्या योजना यंत्र विकत घेतात आणि माणूस नेमायला विसरतात, असे मी या स्तंभातून पूर्वीही म्हटले आहे.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे नाही. २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला. मध्य प्रदेशातून तेव्हा उज्जैनची निवड झाली होती. मार्च २०१७ मध्ये आर्सेनिक आणि फ्लोराइडने बाधित २७,५४४ वस्त्यांसाठी पाणी गुणवत्तेचे उपअभियान आले. चार वर्षांत या वस्त्यांना सुरक्षित पाणी द्यायचे होते. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे उद्दिष्ट. मुदत आधी २०२४ होती, आता ती २०२८ पर्यंत वाढली आहे. बाधित वस्त्यांत नळयोजना होईपर्यंत पिण्या-रांधण्यापुरते माणशी आठ-दहा लिटर शुद्ध पाणी सामूहिक संयंत्रातून द्यावे, अशी तरतूदही त्यात आहे. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची कल्पना तर मला मनापासून आवडते.

अडचण आहे ती मोजमापात. नळजोडणी मोजणे सोपे. ती दिली की आकडा वाढतो आणि संकेतस्थळावर जिल्हा हिरवा होतो. पण नळाच्या दुसऱ्या टोकाला तीच जुनी कूपनलिका असेल, तर बदलला तो केवळ पाणी भरण्याचा कष्ट. त्या कष्टाचे ओझे बायकांच्या डोक्यावरून उतरते, हे मी कमी लेखत नाही. फ्लोराइड मात्र घरात येते. पाण्याचा विभाग वेगळा, आरोग्याचा वेगळा, आदिवासी कल्याणाचा वेगळा, अन्नपुरवठ्याचा वेगळा. आणि मुलाच्या गुडघ्यात हे चारही विभाग एकत्र येतात. आरोग्य विभागाला कोणत्या शाळेत किती मुलांच्या दातांवर डाग आहेत हे कळते. ती माहिती म्हणजे कोणत्या वस्तीचा पाण्याचा स्रोत आधी बदलावा याची तयार यादी असते. दातांवरचे डाग हाडांच्या विकृतीच्या आधी दिसतात. ती यादी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडे जाण्याचा रस्ता बांधायला फार पैसा लागत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही फ्लोरोसिसचा रुग्ण अधांतरीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता नोंदवली आहे. सिकलसेल आजार त्या यादीत नावानिशी आहे, आणि ते योग्यच झाले. फ्लोरोसिसचे नाव तेथे नाही. वाकड्या पायांच्या माणसाला ‘चलनवलनातील दिव्यांगता’ या सर्वसाधारण सदराखाली, चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडून प्रमाणपत्र मिळवावे लागते. कणा ताठ होऊन मान वळत नाही, खाली बसता येत नाही, अशा प्रौढाचे दुखणे टक्केवारीत बसवणे किती अवघड असते हे ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर सांगू शकतील. सिकलसेलच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमध्ये सुरू झाले. एखाद्या आजाराला नाव आणि अभियान मिळाले की प्रयोगशाळा, औषधे, नोंदवही हे सारे मागोमाग येते. मंडला आणि शहडोल यांत फार अंतर नाही. दोन दुखण्यांना मिळालेल्या राजकीय लक्षात मात्र ते बरेच आहे.

संशोधनाबाबतही मला असेच वाटते. हाडे घडवणाऱ्या पेशींच्या नव्या अभ्यासाचा मोठा भाग उंदरांवर झाला आहे, आणि त्यामागची प्रेरणा आहे श्रीमंत देशांतील वृद्धांची ठिसूळ हाडे. तो प्रश्न भारतातही वाढणार आहे, आणि लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावर चांगले काम होते. शिसवीच्या पानांतील घटकांचा हाड जुळण्यासाठी उपयोग शोधण्याचे श्रेय तिच्याकडे जाते. पण कॅल्शियमची तूट आणि फ्लोराइडचा अतिरेक एकाच वेळी सोसणाऱ्या बालकाच्या हाडात कोणत्या तऱ्हेच्या पेशी चेतवल्या जातात? कोणत्या दबतात? भिंतीत चिणलेल्या त्या पेशी कोणता चुकीचा निरोप पाठवतात? कणा दाट आणि मांडी विरळ असे का होते? हे प्रश्न बोस्टन किंवा स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेला पडणार नाहीत. ते जबलपूरलाच पडले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे शोधण्याची साधनेही तेथे असायला हवीत. संशोधन आणि विकासावरचा आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांची भाषा झाली, आणि त्यातला मोठा हिस्सा बिगरसरकारी स्रोतांतून येणे अपेक्षित धरले गेले. उद्योगजगताला तिलईपानीच्या गुडघ्यांत रस वाटेल, अशी आशा धरण्याइतका मी भाबडा नाही. अशा संशोधनाला सरकारी पैसाच लागतो.

तोवर हातातली साधने वापरता येतात. गुडघ्यातून वाकलेले पाय शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. मांडीच्या हाडाला छेद देऊन ते योग्य कोनात बसवतात, पट्टी-स्क्रूने धरून ठेवतात. छेद दिलेली जागा पुढे भरून काढतात त्या अस्थिजनक पेशीच. त्यांना काही आठवडे हवे असतात आणि भरपूर कॅल्शियम. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नवी नाही. मुलाला घरी पाठवताना त्याच्या कागदावर टाके कधी काढायचे, वजन कधी टाकायचे हे लिहिले जाते. त्याच कागदावर त्याच्या घरच्या पाण्यातील फ्लोराइडचा आकडा लिहावा आणि तो दीडच्या वर असेल तर कागदाची एक प्रत पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडे त्याच दिवशी जावी, एवढी एक दुरुस्ती राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, मंत्रिमंडळाच्या मंजुरीचीही नाही.